मोठ्या बाईंचा शेरा

हे खरं घडलंय. माझ्याच टेबलावर, मार्चमधल्या एका बुधवारी, भर दुपारी. पटत नसेल तर सोडून द्या. वाद घालायची ताकद आता माझ्यात नाही.

आमच्यासकट पाच विद्यापीठांच्या ग्रंथालयांनी मिळून एकच मोफत, खुलं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरवलं. जुन्या नोंदी त्यात आल्या. आता पुस्तक खरंच कपाटात आहे का ते पाहून 'तपासलं' अशी खूण करायची.

माझ्या वाट्याला बावीस हजार पुस्तकं!

घरी बाबा शेवटचे दिवस मोजत होते. दादा जवळ बसायचा. मला रजा हवी होती, पण साहेब म्हणाले, "आधी काम संपवा."

म्हणून मी कपाटाकडे न जाताच खुणा करत सुटले.

आमच्या मोठ्या बाईंनी, म्हणजे आधीच्या ग्रंथपालांनी, माझी चांगली खरडपट्टी काढली असती. "पुस्तकाला हात लावल्याशिवाय 'आहे' म्हणायचं नाही गं," त्या म्हणायच्या. त्या वारल्याला दोन वर्षं झाली होती.

तीनच्या सुमारास माझी एक खूण पुसली गेली...

शेजारी शेरा आला. 'जागेवर नाही.'

मी कपाटाशी गेले. पुस्तक खरंच नव्हतं.

मग दुसरं. तिसरं. अकरा शेरे, अकरा रिकाम्या जागा.

शेरा कोणाचा, ते उघडून पाहिलं...

मोठ्या बाईंचा.

पाचही ठिकाणचं सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या, दुसऱ्या ग्रंथालयातल्या तंत्रज्ञाला मी फोन लावला.

"अहो मॅडम, त्यांचं खातं आपण नव्यात आणलंच नाही. झोप झाली नाही वाटतं?"

तो हसला. मीही हसले. झोप खरंच झाली नव्हती.

चार वाजून दहा मिनिटांनी आणखी एक शेरा आला...

पुस्तकावर नाही. बाबांच्या सभासद-खात्यावर. तेही आमच्याच ग्रंथालयाचे जुने सभासद.

'अजून आहेत. ऊठ गं.'

माझा संताप झाला. थट्टेला काही सुमार? त्या तंत्रज्ञाला मनातल्या मनात शिव्या घालत मी स्क्रीनवरचं ते खातं बंद केलं आणि पुढच्या खुणा करू लागले.

पाऊण तासाने दादाचा फोन आला.

"कुठे आहेस गं? शेवटपर्यंत तुझंच नाव घेत होते."

साहेबांनी रजा लगेच मंजूर केली.

परत आल्यावर बाबांचं खातं उघडलं. तिथे काहीच नव्हतं. तंत्रज्ञ शपथेवर सांगतो, त्याने काही लिहिलं नाही.

लोक विचारतात, बाईंची भीती नाही वाटत? नाही वाटत. त्या मला उठवायला आल्या होत्या. मीच उठले नाही.