क्लेशांक चौऱ्याहत्तर

खोली क्रमांक सातच्या भिंतीवर एक निळी रेषा सरकत होती. शलाका दारातून आत आली तशी रेषा वर चढली आणि तिच्याखालचा आकडा बदलत गेला: अठ्ठावीस, एक्केचाळीस, त्रेसष्ट, चौऱ्याहत्तर. साठच्या वर दिवा लाल व्हायचा, तसा तो झाला. परिचारिका ऋतुजा गावित लगबगीने आली. शलाकाचा नवरा अभिराम याच्या पाठीखाली हात घालून तिने त्याला अलगद डाव्या कुशीवर वळवलं, घशातला कफ नळीने ओढून घेतला. हे करताना तिचं नेहमीचं गाणं गुणगुणणं चालूच होतं. आकडा उतरत बावीसवर आला.

"बघितलंत काकू? आता कसे निवांत झाले काका."

शलाकाच्या अंगाचा तिळपापड झाला. नऊ वर्षं ह्या माणसाला तिने कुशीवर वळवलं होतं, भरवलं होतं, पुसलं होतं. चेतापेशी झिजत जाण्याच्या त्या आजाराने आधी त्याची बोटं नेली, मग पाय, मग वाचा, मग श्वास. आणि आठ महिन्यांपूर्वी पापण्यासुद्धा. मेंदू तेवढा शाबूत होता. श्वासयंत्र लागल्यावर घरी ठेवणं अशक्य झालं म्हणून ती त्याला ह्या शुश्रूषा केंद्रात घेऊन आली, आणि आता चार महिन्यांची ओळख असलेली एक मुलगी त्याला निवांत करत होती. काका म्हणायची, एवढंच काय ते बरं.

ती तडक डॉ. फरीद मुजावर यांच्या प्रयोगशाळेत गेली. भिंतीवरचा आकडा जिच्यातून यायचा ती अभिरामच्या कपाळावरची क्लेशमापक पट्टी त्यांनीच बनवली होती.

"तुमची पट्टी खोटं बोलते."

"शलाकाताई, बसा आधी," मुजावर म्हणाले. "ज्याला सांगता येत नाही, त्याचं दुखणं कळायचं कसं, हा प्रश्न होता. म्हणून आम्ही चाळीस धडधाकट माणसं झोपवली. काही झालं तरी हलायचं नाही, अशी ताकीद दिली. मग चिमटे काढले, गार पाणी ओतलं. त्या वेळी मेंदूत जी लहर उठली, ती पट्टी ओळखायला शिकली. तिची उंची म्हणजे क्लेशांक."

"म्हणजे मी आले की ह्याला चिमटे बसतात?"

मुजावर चष्मा पुसत राहिले. "नियम मी केलेला नाही. पण महिनाभर कुणाच्या भेटीत आकडा साठच्या वर राहिला, तर केंद्र त्या व्यक्तीला रोजऐवजी आठवड्यातून एकदाच येऊ देतं. रुग्णाच्या भल्यासाठी. तुमच्या हातात तीन आठवडे आहेत."

शलाका घरी गेली आणि आरशासमोर बसली. रडली नाही. ऋतुजा असं काय करते, एवढंच आठवत राहिली. ती मुलगी काही विचारत नाही, उत्तराची वाट बघत नाही, काम करते आणि गुणगुणते. आणि शलाका? ती आल्या आल्या त्याच्याशी भांडायची, बातम्या सांगायची, आणि संध्याकाळी वर्णमाला म्हणायची. पापण्या हलत होत्या तेव्हाची ती रीत होती. "क ची रांग? च ची? ट ची?" असं ती विचारायची, हवी ती रांग आली की तो पापणी मिटायचा, मग रांगेतलं अक्षर. वेळ वाचावा म्हणून काना, मात्रा, अनुस्वार त्यांनी कधीच सोडून दिले होते. नुसती अक्षरं तो द्यायचा, बाकीचं ती लावायची. पापण्या थांबल्या तरी ती सवयीने रोज अख्खी वर्णमाला पुन्हा पुन्हा म्हणतच राहिली होती. आणि नेमकं त्याच वेळी आकडा सगळ्यात वर जायचा.

दुसऱ्या दिवसापासून तिने वर्णमाला बंद केली. बोलणं बंद केलं. ऋतुजासारखे अलगद हात लावायला शिकली आणि लाज सोडून तेच गाणंही गुणगुणू लागली. आकडा पन्नासवर आला, चाळीसवर, तिसऱ्या आठवड्यात एकोणीसवर. एकोणीस! ऋतुजाचा आकडा बावीस होता. शलाकाने परिचारिका कक्षात जाऊन आपला आकडा मुद्दाम मोठ्याने सांगितला, आणि "अरे वा, काकू!" असं ऋतुजा मनापासून म्हणाली, तेव्हा तर तिला जास्तच राग आला.

त्याच दुपारी मुजावर खोलीत आले. त्यांचा चेहरा उतरला होता.

"आमची चूक झाली, ताई. खोली तीनमधल्या रुग्णाचे डोळे अजून हलतात. व्यायाम घेताना त्यांना कुणी म्हणालं, पाय उचलायचा प्रयत्न करा. दिवा लाल. दुखतंय का, विचारलं. डोळ्यांनी म्हणाले, नाही, प्रयत्न करतोय. आमच्या माणसांना चिमटा बसला की अंग आखडून घ्यावंसं वाटायचं आणि आम्ही हलायला बंदी केली होती. पट्टी शिकली ती तेवढीच लहर. ती क्लेश मोजतच नाही. हलण्याची धडपड मोजते."

शलाकाने रेषेकडे पाहिलं. ती आडवी पडली होती.

"खोलीतल्या आवाजाची नोंद असते. तुम्ही वर्णमाला म्हणायचात तेव्हा रेषा ठरावीक अक्षरांवरच उसळायची. ती अक्षरं काढली, पण आम्हाला अर्थ लागेना." त्यांनी कागद पुढे केला.

त च ग ण ब द क र.

शलाकाला क्षणही लागला नाही. तिचं गाणं बंद कर. कागदावर हीच ओळ अकरा वेळा होती; अकरा संध्याकाळी तो हेच सांगत होता. ती खदखदून हसली. इतका आनंद तिला कित्येक वर्षांत झाला नव्हता. मग तिने शेवटची ओळ वाचली, वर्णमाला म्हटल्याच्या शेवटच्या संध्याकाळची.

उ द य ल व क र य.

उद्या लवकर ये. आणि त्या उद्याला ती आली होती ती तोंड मिटून, तेच गाणं गुणगुणत. एकोणीस हा तिने मिळवलेला आकडा नव्हता. त्याने सोडून दिलं, त्याचा तो आकडा होता.

तिने खुर्ची पलंगाजवळ ओढली. "स्वर? क ची रांग? च ची? ट ची?" रेषा हलली नाही. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा. घसा कोरडा पडला. चौथ्यांदा "क ची रांग?" म्हणताना आकडा चोवीस झाला. मग छत्तीस. मग दिवा लाल झाला आणि ऋतुजा धावत आली.

"हात लावू नकोस त्याला," शलाका म्हणाली. "बोलतोय तो. आणि गाणं म्हणू नकोस, त्याला आवडत नाही."

ऋतुजा दारातच थांबली. अक्षरं यायला पाऊण तास लागला. क. ठ. ह. त. स.

काना-मात्रा शलाकाने लावल्या. कुठे होतीस.

"इथेच होते रे," ती म्हणाली. "जळत बसले होते."

आकडा चौऱ्याहत्तरच्या वर गेला.