अर्धं बोट कमी

खोटं वाटत असेल तर नागावजवळच्या कोळीवाड्यात या आणि विनेशला विचारा. तो सगळं सांगेल. पण दिवसाउजेडी विचारा.

गेल्या जानेवारीतली गोष्ट. विनेश होडी घेऊन चार दिवस दक्षिणेला गेला होता. सोबत वडिलांचा जुना साथीदार गुणाजी आणि पाच खलाशी.

त्याचे वडील धर्माजी तांडेल जाऊन तेव्हा दहा महिने झाले होते.

धर्माजींचं आणि जीपीएसचं कधी जमलं नाही. ते हात ताठ करून क्षितिजावर एक मूठ धरायचे, तिच्यावर दुसरी. होडी उत्तरेला येईल तसा ध्रुव वर चढायचा; तो वरच्या मुठीवर टेकला की म्हणायचे, "दोन मुठी भरल्या. वळ उगवतीला, घर आलं."

मूठ भरायच्या आधीच कुणी वळलं, तर हातातलं कडं फळीवर तीनदा वाजवायचे. म्हणजे थांब.

विनेश हसायचा. "बाबा, मशीनला मुठी लागत न्हाय."

त्या रात्री त्याने यंत्रावर 'घर' लावलं. यंत्राने सांगितलं तिथे उगवतीला वळला. खलाशी गाढ झोपले होते.

टक... टक... टक...

आवाज होडीच्या पुढच्या टोकाकडून आला.

तिथे कुणीच नव्हतं.

"गुणाजी, कोण ठोकतंय रं?"

गुणाजी उठून बसला. "तांडेलांचं कडं हाय ते."

"कडं तर अस्थींसंगं पाण्यात सोडलं आपण!"

यंत्रावर घर अगदी जवळ दिसत होतं.

टक... टक... टक...

आता अगदी पाठीमागे.

विनेशचे हात आपोआप उत्तरेकडे वर गेले. एक मूठ, तिच्यावर दुसरी. ध्रुव दिसेना. तो वरच्या मुठीआड होता.

"अर्धं बोट कमी हाय, पोरा..."

विनेशने गुणाजीकडे पाहिलं. त्याचे ओठ घट्ट मिटलेले होते.

विनेशने इंजिन बंद केलं.

आणि मग ऐकू आलं... समोरच, खडकावर फुटणारं पाणी. अजून थोडं पुढे गेले असते तर सातही जण संपले होते.

उजाडल्यावर समोर हरिहरेश्वरचा डोंगर दिसला. घर अजून कितीतरी उत्तरेला होतं.

तेव्हा विनेशला आठवलं. धर्माजींच्या अस्थी इथेच सोडल्या होत्या. जागा लक्षात राहावी म्हणून त्याने रडत रडत यंत्राचं बटण दाबलं होतं. ती जागा चुकून 'घर' या नावाने नोंदली गेली. नंतर जवळपासच मासेमारी केली, त्यामुळे कळलंच नाही.

त्याने चूक दुरुस्त करून 'घर' पुन्हा कोळीवाड्यावर लावलं. पुढे मुठीही लावू लागला. बाबांनी वाचवलं, म्हणून देव्हाऱ्यात रोज त्यांच्या नावाचा दिवा लावायचा.

परवा दक्षिणेहून परतताना ध्रुव बरोबर दोन मुठींवर टेकला. लांबवर कोळीवाड्याचे दिवे दिसले. विनेश खुशीत उगवतीला वळला.

टक... टक... टक...

त्याने यंत्राकडे पाहिलं.

'घर' पुन्हा हरिहरेश्वरला दिसत होतं, बाबांच्या अस्थी सोडल्या तिथेच. जणू बाबा म्हणत होते, तुझं घर इकडं हाय.

तेव्हापासून विनेश समुद्रावर गेलेला नाही. रात्री दार लावून घेतो. आणि दाराच्या फळीवर कुणी हात ठेवला, तरी दचकतो.