बंद केलेली गोळी

"पाचव्या महिन्यात सगळ्याच बायकांना थकवा येतो, सूनबाई. म्हणून कुणी नऊ वाजेपर्यंत लोळत नाही," प्रभावतीबाई दारातूनच म्हणाल्या आणि मृणालिनी भिंतीला धरून उठली.

ब्याण्णव सालचा वैशाख. गंगेकाठच्या रामघाटाच्या गल्लीत लोक पंख्याने वारा घेत ओट्यांवर बसलेले असताना तिला मात्र शाल लागत होती. आवाज घोगरा झाला होता, पावलं सुजली होती... आणि यातलं काहीच तिला नवं नव्हतं. लग्नाआधी नागपूरला थायरॉइडचा आजार निघाला, तेव्हापासून रोज एक गोळी होती. दिवस राहिल्यावर इथल्या डॉक्टरीणबाईंनी तीच बंद केली.

मृणालिनीने तीनदा सांगितलं, नागपूरचा रिपोर्ट पुढे केला, रक्त तपासण्यासाठी अक्षरशः विनवणी केली. बाईंनी रिपोर्ट उलगडलाही नाही. "पढ़ी-लिखी बहुएँ वहम बहुत करती हैं, माताजी," त्या प्रभावतीबाईंना म्हणाल्या आणि प्रभावतीबाई हसल्या. ते हसू मृणालिनीच्या काळजात रुतून बसलं.

वेदपाठशाळेत शिकवणारा तिचा नवरा यज्ञेश्वर एकदा म्हणाला, "आई, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवू या का?" आईच्या कपाळावर आठी उमटली आणि तो पाठशाळेला निघून गेला. मग एका दुपारी मृणालिनी एकटीच रिक्षाने दुसऱ्या दवाखान्यात गेली. "पति को लेकर आइए," तिथले डॉक्टर म्हणाले. घरात कलह नको म्हणून तिने हेही गिळलं.

सातव्या महिन्यात पोटातली हालचाल थांबली.

मुलगी होती. यज्ञेश्वर तिला कपड्यात गुंडाळून नावेने गंगेत सोडून आला. मोठ्या इस्पितळातल्या तरुण डॉक्टरने अखेर रक्त तपासलं. रिपोर्ट पाहून त्याने विचारलं, "दवा किसने बंद की? गर्भ में तो अक्सर बढ़ानी पड़ती है." बाळ त्यामुळेच गेलं का, हे त्याला खात्रीने सांगता येईना. प्रभावतीबाई तिथेच उभ्या होत्या.

गोळी पुन्हा सुरू झाली. घरी आल्यावर मृणालिनी अंथरुणातून उठेना. पाचव्या सकाळी प्रभावतीबाई तिळाचं कोमट तेल घेऊन तिच्या उशाशी बसल्या.

"हे कशाला? बाळ कुठे आहे?" तिने आढ्याकडे पाहतच विचारलं.

"बाळ नसलं तरी तू बाळंतीणच आहेस." त्यांनी तेलाची वाटी जमिनीवर ठेवली. "तू सांगत होतीस तेव्हा मी ऐकत होते, मृणाल. वाटलं, काम टाळतेस... माझ्या नातीचा जीव मी हसण्यावारी नेला. मला क्षमा करू नकोस."

 मृणालिनीची दुधाने भरलेली छाती ठणकत होती, आणि क्षमा कुठे शोधावी हे तिला खरोखरच कळत नव्हतं. मग तिने हळूच कूस बदलली आणि पाठ त्यांच्याकडे केली.

"कमरेला लावा, आई," ती म्हणाली. "तिथे फार दुखतंय."