तीन सिटिंगची दाढ

खुर्चीत आडवा झालेल्या नव्या पेशंटने तोंड उघडायच्या आधीच तिचं लक्ष त्याच्या टी-शर्टवर गेलं. चिखलाने माखलेला शिपाई, हातात बोथट तलवार, आणि मागे तोंड फिरवून उभा असलेला घोडा. त्या घोड्याला ती चांगली ओळखत होती. व्हिडिओ गेमच्या दुनियेत का होईना, अख्खा एक हिवाळा तिने त्याला चारा घातला होता.

पेशंट तिच्याकडे आला तोही योगायोगानेच. त्याचा नेहमीचा डॉक्टर परगावी गेलेला, दाढ काही थांबायला तयार नाही, म्हणून दातांच्या दवाखान्याची जी पहिली पाटी दिसली तिच्याखालून तो आत शिरला होता.

आता तिच्या स्वभावाबद्दल थोडं सांगायला हवं. चारचौघांत ती तोंडातून शब्द काढायची नाही. पण समोरच्याच्या तोंडात आरसा, नळी आणि कापूस असला, की तिची गाडी जी सुटायची ती थांबायचं नाव घ्यायची नाही. उत्तर यायची भीतीच नसायची ना...

"हा गेम खेळता तुम्ही?" भूल चढल्यावर दाढ कोरायला घेत ती म्हणाली.

"आँ."

"मला फार आवडतो. त्यात भूक लागते, झोप येते, अंगाला वास मारत असला तर सरायवाला दारातही उभं करत नाही. एकट्याने खेळायचा, मध्ये कुणाची लुडबुड नाही. छोट्या कंपनीने जीव ओतून केलाय म्हणून हे असं. मोठ्या कंपन्या कशाला करतील? त्यांनी घोडा एकदा विकला असता, खोगीर वेगळं विकलं असतं, आणि शेपूट पुढच्या महिन्याच्या अपडेटमध्ये."

"आँ... आँ," तो डोळे मोठे करून म्हणाला.

"दुखतंय?"

त्याने मानेनेच नाही म्हटलं.

"मग ठीक. अर्धाकच्चा गेम लोकांच्या गळ्यात मारायचा आणि वर म्हणायचं, दुरुस्ती चालू आहे. मी अशी अर्धी दाढ भरून तुम्हाला घरी पाठवलं असतं, तर?"

काम संपलं. त्याने चूळ भरली, बधिर ओठ कसाबसा सावरला आणि शब्द वेचत म्हणाला, "मी अशाच एका मोठ्या कंपनीत आहे. टेस्टर, गेममधल्या चुका शोधणारा... आणि दाढ तर तुम्हीही अर्धीच भरून पाठवताय."

तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. "पुढच्या मंगळवारी या," एवढंच तिला म्हणता आलं.

तो गेल्यावर बाहेर नंबर लावणाऱ्या मावशी पडदा सारून आत डोकावल्या. "चेहरा का असा झालाय, डॉक्टर? चावला की काय पेशंट?"

मंगळवारी तो वेळेच्या आधीच हजर झाला. खुर्चीत बसला, पण आडवा होईना.

"आज आधी मी बोलणार. तोंड मग उघडेन."

ती मास्क हातात धरून उभी राहिली.

"तुम्ही मागच्या खेपेला जे बोललात, त्यातलं निम्मं मी साहेबांना आधीच सांगून बसलोय. आमच्या गेममधला घोडा मानेपर्यंत जमिनीत रुततो म्हणून कळवलं. दुरुस्त केला, तर उडायला लागला. म्हटलं, थांबू या थोडं. म्हणाले, तारीख जाहीर झालीय. मग लोक शिव्या देतात, त्या आम्ही डबा खाताना वाचतो." तो थोडा थांबला. "पण थंडीत त्या घोड्याचा श्वास दिसतो ना, त्याच्यासाठी आमच्याकडची एक बाई वर्षभर खपलीय. मोठ्या कंपनीतही माणसंच असतात हो."

तिला पटलं होतं. तसं सांगावंसंही वाटत होतं, पण ती मास्कच्या दोऱ्याच सोडवत राहिली.

"बोला की... त्या दिवशी तर चांगलं बोलत होतात."

"तोंड उघडा," ती म्हणाली.

तो हसला आणि हसता हसताच त्याने आ केला. नळी आत गेली मात्र, तिला कंठ फुटला. "त्या बाईंना माझा नमस्कार सांगा. साहेबांना नको. आणि त्या टी-शर्टवरच्या गेमच्या शेवटापर्यंत पोचलात का? शेवटी तो शिपाई..."

त्याने झटकन तिचं मनगट धरलं.

"नाही सांगत, नाही सांगत. हात सोडा... सुई आहे हातात."

त्याने सोडला — पण जरा उशिराच.

तिसरी सिटिंग शेवटची. कॅप बसली की दाढ मोकळी आणि तोही मोकळा. मधल्या आठवड्यात तिने त्याचे एक्स-रे पुन्हा पुन्हा उजेडात धरून पाहिले. बाकीचे दात ठणठणीत होते. निरोगी दातांचा राग येण्याची तिची ही पहिलीच वेळ.

कॅप बसवून तिने वर कापसाचा बोळा ठेवला. "घट्ट चावून धरा. सांगेपर्यंत बोलायचं नाही."

त्याने मान हलवली. ती खिडकीकडे पाहत बोलू लागली. "आता तुम्ही येणार नाही. यायचं कारणच उरलं नाही. मी एक्स-रेत शोधून पाहिलं... एखादी कीड, एखादी भेग. डॉक्टरने असं करू नये. पण मंगळवार आला की मी सकाळपासून त्या दाराकडेच... मला तुम्ही आवडता."

"म्म्?" बोळ्याआडून आवाज आला.

"डॉक्टर, वेळ होऊन गेली," बाहेरून मावशी म्हणाल्या.

तिचा हात पुढे होईना. बोळा काढला की उत्तर येणार. तो नको म्हणाला तर? आजवर कापूस भरलेल्या शेकडो तोंडांपुढे ती मनातलं बोलली होती, आणि त्यातल्या कुणाचीच ओळख वाढली नव्हती. असं बोलणं म्हणजे एकट्याने खेळणंच. हार नाही, पण समोर कुणी नाहीसुद्धा.

तिने मास्क उतरवला, बोळा काढला. "चूळ भरा."

त्याने भरली.

"मघाशी बोलले ते तसंच्या तसं नाही जमणार आता. थोडक्यात सांगते. आवडता तुम्ही मला. तुम्हाला काय म्हणायचं असेल ते... म्हणा."

त्याने नव्या कॅपवरून जीभ फिरवली. "मी एक थाप ठरवून आलो होतो. वरची दाढ ठणकतेय असं सांगणार होतो. घरी आरशासमोर गाल धरून सरावही केला."

"वरच्या दाढेला काही झालेलं नाही."

"तेच तर. तुम्ही एक्स-रे पाहिलेत म्हटल्यावर पंचाईतच झाली माझी."

ती हसली, पण लगेच थांबली. "म्हणजे... काय?"

"म्हणजे घोड्याच्या शेपटाच्या वाक्यालाच आवडलात तुम्ही मला. तेव्हा बोलायची सोय नव्हती." त्याने गळ्यातला कागदी रुमाल सोडला. "चला, कुठेतरी बसून काहीतरी खाऊ या."

"दोन तास काही खायचं नाही. सिमेंट अजून ओलं आहे."

"मग काय करायचं दोन तास?"

"चालू या," ती म्हणाली आणि बाहेर वळली. "मावशी, पुढचा पेशंट..."

"त्याला उद्या बोलावलंय," मावशी वर न बघता म्हणाल्या. "पडद्यातून मला काय ऐकू येत नाही होय?"

जिना उतरताना तिने आपणहून त्याचा हात धरला. आता दोघांचीही तोंडं मोकळी होती, आणि कोपऱ्यावरचं वळण मागे पडलं तरी कुणीच काही बोललं नाही.