सातव्या फोटोतला डाग

ती आली तेव्हा भाऊजी खिडकीशी बसून शब्दकोडं सोडवत होते आणि नेहमीप्रमाणे मध्येच अडले होते. बाहेर आभाळ इतकं खाली उतरलं होतं की भरदुपारी दिवा लावायची पाळी आली होती. खालच्या शिंप्याच्या मशीनची खडखड चालू होती, तेवढाच काय तो जिवंतपणा.

जिन्यावर 'खासगी तपास' अशी पाटी होती. ती लावली होती भाऊजींच्या थोरल्या भावाने. भाऊ गेला आणि धंदा वहिनींनी चालवायला घेतला. लोक आधी हसले, मग पत्ता विचारत यायला लागले. भाऊजी पाणीपुरवठ्यातून निवृत्त होऊन मदतनीस म्हणून रुजू झाले. मदत किती होते हा वादाचा मुद्दा होता, पण स्कूटर त्यांची होती.

आलेली मुलगी नर्स होती. रात्रपाळी करून आली असावी, डोळे तारवटलेले होते. खुर्चीवर टेकताच तिने पिशवीतून एक जुना घडीचा कॅमेरा काढून टेबलावर ठेवला, आणि शेजारी फोटोंचं एक पाकीट.

"माझा कुणावर संशय नाही," ती म्हणाली. "मला एवढंच सांगा, अण्णा माझ्यामुळे गेले का."

अण्णा म्हणजे तिचे वडील. उभा जन्म फोटो काढण्यात गेला, स्टुडिओ बंद झाला तरी कॅमेरा सुटला नाही. पंधरवड्यापूर्वी ते राहत्या घराच्या गच्चीवरून खालच्या फरसबंद अंगणात पडले. त्या संध्याकाळी तिची ड्यूटी होती. निघताना आभाळ स्वच्छ होतं म्हणून ती सहज म्हणाली, अण्णा, आजचा सूर्यास्त मला बघायला मिळणार नाही, तेवढा फोटो काढून ठेवा. अण्णांनी मान डोलावली. तेच शेवटचं बोलणं.

पोलिसांनी अपघात म्हणून प्रकरण मिटवलं. कॅमेरा गच्चीच्या कठड्याच्या आतल्या बाजूला मिळाला होता. रोल धुतल्यावर सगळं स्पष्ट झालं, असं त्यांचं म्हणणं. आधी म्हाताऱ्याने मागे उभं राहून फोटो काढला, त्यात कठडा आडवा आला. मग तो वाकून दुसरा काढायला गेला आणि तोल गेला. कॅमेरा हातातून आत पडला, माणूस बाहेर.

"मी सांगितलं नसतं तर ते वर गेलेच नसते," मुलगी म्हणाली. रडून रडून आवाज कोरडा पडला होता. भाऊजींना वाटलं, हिला आता कोण काय सांगणार. पोलीस बरोबरच होते.

वहिनींनी फोटो ओळीने मांडले. सात होते. पहिल्या पाचात मांजर, गळका नळ, वाळत घातलेल्या चादरी, असलंच घरगुती. पण काय फोटो होते! त्या नळाकडेसुद्धा बघत बसावंसं वाटत होतं. सहाव्यात सूर्यास्त, आणि खालच्या बाजूला कठड्याची जाड काळी पट्टी. सातव्यात तोच सूर्य थोडा खाली सरकलेला, कठडा नाही, आणि एका कोपऱ्यात धुरासारखा पांढरा डाग.

"अण्णांचा फोटो कधी खराब व्हायचा नाही," मुलगी म्हणाली. "शेवटी शेवटी हात थरथरत असेल."

वहिनींनी कॅमेरा उघडला. भिंग पुढे सरकलं आणि त्यामागचा काळा चामडी भाता उलगडला. त्यांनी तो उलटासुलटा करून नखाने चाचपला.

"गच्चीवर माती आहे की फरशी?"

"फरशी."

"बरं," वहिनी म्हणाल्या. चकचकीत कडांवर साधा ओरखडासुद्धा नव्हता. तो भाऊजींनाही दिसला नाही, म्हणजे नव्हता हे त्यांनाही दिसलं, पण त्याचं काय करायचं ते कळलं नाही.

घरी कुणाचं येणंजाणं होतं का, हेही वहिनींनी विचारून घेतलं. खाली एक भाडेकरू होता. काका होते, अण्णांचे धाकटे भाऊ, पण स्टुडिओ मोडल्यापासून दोघांत बोलणं नव्हतं. ते या घरात पहिल्यांदा आले ते थेट अंत्यदर्शनाला.

पहिली फेरी झाली ती रोल धुणाऱ्या लॅबवाल्याकडे. त्या संध्याकाळी तो दुकानातच होता, गिऱ्हाइकं साक्षीला होती. अण्णांचं नाव काढताच त्याने हातातलं काम बाजूला ठेवलं. कॅमेरा मुलीने होता तसा आणून दिला होता, म्हणाला. मागच्या लाल काचेच्या खिडकीतून रोलवरचा आकडा दिसतो, तिथे आठ दिसत होता. आठवा फोटो काढायचाच राहिला होता. त्याने रोल शेवटपर्यंत गुंडाळून बाहेर काढला.

डागाचं विचारल्यावर तो जरा हसला. गेल्या वर्षी अण्णांचा अख्खा रोल असाच डागाळून आला होता. शोधता शोधता भात्याच्या खालच्या घडीत सुईएवढं भोक सापडलं. कॅमेरा उन्हात उघडा धरला की तिथून उजेड शिरायचा आणि आत समोर असलेल्या फिल्मवर डाग उठायचा. लॅबवाला म्हणाला, नवा भाता बसवून देतो. अण्णा नको म्हणाले. म्हातारे झालोय दोघं, मीच धरीन त्याला. तेव्हापासून ते डावा तळवा भात्याखाली लावूनच कॅमेरा उघडायचे, आणि पुन्हा एकाही फोटोवर डाग आला नाही.

"भोकाचं आणखी कुणाला माहीत होतं?" वहिनींनी विचारलं.

"मला आणि त्यांना. लोकांना सांगण्यासारखं काय आहे त्यात?"

भाऊजींनी स्कूटरला किक मारता मारता निकाल देऊन टाकला. वाकताना कठड्याचा आधार घ्यायला डावा हात लावला असणार, म्हणून भोक उघडं पडलं. झालं. वहिनी म्हणाल्या, भाऊजी, हे तुम्ही चांगलं बोललात. आणि पुढे अण्णांच्या घरापर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. हे लक्षण भाऊजींना ठाऊक होतं. आपलं काहीतरी चुकलं होतं.

भाडेकरू वेल्डर होता, तोंडाचा फटकळ. पाण्यावरून अण्णांशी त्याची रोज चकमक उडायची, हे त्याने आपणहून सांगितलं. भाऊजींनी मनातल्या मनात त्याला बेड्या घातल्या. त्या संध्याकाळी कारखान्यातून यायला उशीर झाला, आणि अंगणात अण्णा पडलेले त्यालाच पहिल्यांदा दिसले. हे सांगताना मात्र त्याचा फटकळपणा कुठल्या कुठे गेला.

"भांडायला आता कोण आहे?" तो म्हणाला आणि नळाकडे बघत राहिला.

कॅमेरा त्याने एकदाच हाताळला होता. मांजराचे पाचसहा फोटो काढले आणि सगळे एकावर एक आले, कारण मध्ये रोल पुढे गुंडाळायचा असतो हेच त्याला माहीत नव्हतं. अण्णा हसून हसून लाल झाले होते. मग त्यांनी शिकवलं, आधी गुंडाळायचं, लगेच दाबायचं. एकदा दाबलं की कॅमेऱ्याला हात लावायचा नाही. गुंडाळून ठेवलेली फिल्म सैल पडते, असं ते म्हणायचे. तेव्हापासून वेल्डरने कॅमेऱ्याचा नादच सोडला होता.

आणखी एक गोष्ट त्याच्याकडून कळली. संग्रहालयाची माणसं अण्णांकडे येऊन गेली होती. त्या जुन्या महापुराच्या फोटोची मूळ निगेटिव्ह त्यांना हवी होती. तो फोटो शहरात कुणी पाहिला नाही असं नव्हतं. छपरावर बसलेली बाई, कडेला पाणी, आणि तिच्या मांडीवर कोंबडी. खाली नाव असायचं काकांचं. "अण्णांकडे कशी असेल ती, मला कळेना," वेल्डर म्हणाला. "पण ते म्हणाले, एकदा खरं काय ते सांगून टाकायचंय."

काकांच्या घरी तोच फोटो दिवाणखान्याच्या मधोमध टांगलेला होता, खाली त्यांच्या सहीसकट. काका मृदू बोलणारे, नीटनेटके. दादाची आठवण काढताना त्यांनी चष्मा काढून पुसला. अबोला धरला तो मूर्खपणा झाला, म्हणाले. स्टुडिओ मोडला त्यानंतर दादाला पाहिलं ते एकदम तिरडीवरच. त्या संध्याकाळी आपण इथेच पडून होतो. एकटा माणूस, साक्षीला कोण असणार?

वहिनींनी पिशवीतून कॅमेरा काढला. "आमच्यापैकी कुणालाच हा चालवता येत नाही. चालतोय का, जरा बघता?"

काकांनी तो हातात घेतला आणि त्यांचा चेहराच बदलला. इतक्या वर्षांनी, म्हणाले. दोन्ही बाजूंनी अलगद धरून त्यांनी तो उघडला, खटका ओढला, खिडकीवर रोखला आणि दाबलं. बारीक टिक झाली. त्याच दमात उजव्या हाताने चावी फिरवून त्यांनी रोल पुढे घेतला.

"रोल नाही हो त्यात," वहिनी म्हणाल्या.

"हाताची सवय," काका हसले. "दादा ओरडायचा यावरून. मी म्हणायचो, लगेच पुढे घेतलं की विसरायची भीती नाही."

चहा न घेताच वहिनी उठल्या. भाऊजींना ते फारसं रुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे गच्चीवर जमले. मुलगी, काका, वेल्डर आणि दाराशी उभा फौजदार. त्याला हे सगळं उकरून काढणं मनापासून नकोसं होतं. आभाळ अजूनही तसंच काळवंडलेलं. नदी शिशासारखी पडून होती. कठडा जेमतेम मांडीएवढा होता, आणि मुलगी त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली होती.

"साहेब म्हणतात, कॅमेरा हातातून पडला," वहिनींनी सुरुवात केली. "या फरशीवर पडला असता तर कुठेतरी चेपला असता, भिंग तिरकं झालं असतं. एक ओरखडा नाही. हा पडलेला नाही, कुणीतरी ठेवलेला आहे."

फौजदार म्हणाला, तोल जायच्या आधी त्यांनीच ठेवला असेल.

"असेल. मग हे बघा. फोटो सात निघाले आणि खिडकीत आकडा आठचा होता. म्हणजे सातवा फोटो काढल्यावर कुणीतरी रोल पुढे गुंडाळला. फोटो काढता काढता जो माणूस खाली गेला, त्याने गुंडाळला कधी?"

"आठवा काढायच्या तयारीत असतील," काका हळूच म्हणाले.

"तसंही म्हणता येईल. म्हणून मी डागाशी आले." वहिनींनी कॅमेरा उघडून आभाळाकडे धरला आणि भात्यातलं भोक सगळ्यांना दाखवलं. अण्णा तळवा कसा लावायचे तेही सांगितलं. "पहिले सहा फोटो स्वच्छ. सातव्यावर डाग. भाऊजी म्हणाले, आधाराला हात लावला असेल. मलाही ते पटलं होतं. पण एकच फोटो निराळ्या हाताने धरलेला, आणि त्याच फोटोनंतर निराळ्या सवयीने गुंडाळलेला? दोन्ही एकदम? तो हात अण्णांचा नव्हता."

खाली अंगणात नळ ठिबकत होता.

"मग कुणाचा? वेल्डरदादांना चालवणं जमत नाही, आणि त्यांनी कॅमेऱ्याचा नाद केव्हाच सोडलाय. लॅबवाल्याला भोक माहीत आहे, त्याने तळवा लावला असता. हा हात अशा माणसाचा, की ज्याला कॅमेरा झोपेतसुद्धा चालवता येतो, पण तो अलीकडे म्हातारा झालाय हे माहीत नाही. अण्णांची आधी गुंडाळायची सवय त्याला ठाऊक, म्हणून कॅमेरा उघडण्याआधीच त्याने रोल एकदा पुढे घेतला; पण दाबलं की त्याची चावी आपोआप पुन्हा फिरते. काल माझ्यासमोर फिरली."

भाऊजींनी काकांकडे पाहिलं. काल त्यांनी सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं, अगदी हातभर अंतरावरून.

काका कॅमेऱ्यातल्या त्या भोकाकडे बघत होते. "दादाने दुरुस्त का नाही करून घेतलं हे?" त्यांनी विचारलं. विचारून गेल्यावर आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं असावं.

"तुम्ही अधूनमधून भेटायला येत असतात," वहिनी म्हणाल्या, "तर तुम्हालाही तळवा लावायला शिकवलं असतं त्यांनी."

काका तिथेच खाली बसले. मग बोलू लागले, कुणाकडे न बघता. पुराचा फोटो दादाचा होता. स्टुडिओचं नाव व्हावं म्हणून धाकट्याची सही चालू दिली, आणि पुढे तीच सही त्याचं आयुष्य झाली. त्या संध्याकाळी दादाने निरोप पाठवून बोलावलं. म्हणाला, मला नाव नको रे, पण मरायच्या आधी संग्रहालयातली पाटी खरी असू दे. काकांनी त्याच्या पाया पडून बघितलं. तो ऐकेना. खांद्यावर ठेवलेला दादाचा हात त्यांनी झिडकारला, आणि कठडा हा एवढा.

"ढकललं नाही मी," काका म्हणाले. "खाली जाऊन बघायला हवं होतं. मी फोटो काढला, अपघात वाटावा म्हणून."

मुलीने पहिल्यांदाच त्यांच्याकडे वळून पाहिलं. "तेव्हा अण्णा जिवंत होते का?"

ती नर्स होती. अशा वेळी पहिल्या काही मिनिटांची किंमत काय असते, ते तिथे तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. काकांनी खाली पाहिलंच नव्हतं. फौजदाराने त्यांना दंडाला धरून उठवलं आणि तो आवाज न करता त्यांना जिन्याने घेऊन गेला. मागोमाग वेल्डरही गेला.

भाऊजींना वाटलं, आता निघावं. या घरात एक माणूस गेला होता, आज दुसरा गेला. मुलीच्या पदरात आपण काय टाकलं? पण वहिनी हलल्या नाहीत. त्यांनी पाकिटातून सहावा फोटो काढून मुलीच्या हातात दिला.

"तू मागितलेला फोटो हा," त्या म्हणाल्या. "काका यायच्या आधीच काढून झाला होता. स्वच्छ आहे, म्हणजे तळवा जागेवर होता. आणि हा कठडा नीट बघ, केवढा आलाय. कुठे उभं राहिल्यावर इतका दिसेल, सांग बरं."

मुलगी फोटो डोळ्यांसमोर धरून मागे सरकू लागली. कठडा फोटोतल्यासारखा दिसेपर्यंत सरकत राहिली. तिची पाठ जिन्याच्या दाराला टेकली तेव्हा ती थांबली. दाराच्या चौकटीला खांद्याच्या उंचीवर, रोज कुणी टेकून उभं राहिल्याने उडावा तसा, रंगाचा एक पोपडा उडालेला होता.

"अण्णा इथे उभे होते," ती म्हणाली.

"इथेच. तुझ्या फोटोसाठी ते कठड्याकडे एक पाऊलसुद्धा गेले नाहीत."

ती त्या चौकटीवर खांदा टेकवून उभी राहिली आणि मग मात्र मोठ्याने रडली. भाऊजींना काय करावं सुचेना, म्हणून त्यांनी कॅमेरा उचलून त्याची घडी घातली. घालताना त्यांचा डावा तळवा आपसूक त्या भोकावर गेला.