आबांचा सा

आबा दळव्यांचं आंघोळीतलं गाणं थांबलं आणि ‘सप्तर्षी’ सोसायटीचं वेळापत्रक कोलमडलं. तळमजल्यावरच्या शिर्केबाईंचं दूध उतू गेलं, कारण आबा दुसऱ्या कडव्यावर आले की शेगडी बंद करायची, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा हिशेब. समोरच्या जुळ्यांची शाळेची बस चुकली. ज्यांनी आयुष्यभर आबांच्या गाण्याला नावं ठेवली, तेच आता जिन्यात विचारू लागले, “आबा बरे आहेत ना?”

आबा बरे होते. फक्त त्यांना अकरा गुण मिळाले होते.

गुण दिले होते स्वरूने. गणपतीची आरती यंदाही थेट चंद्रावरच्या वसाहतीत ऐकू जाणार होती. तिथे सोसायटीची चार माणसं कामाला होती, त्यांत आबांचा मुलगा, म्हणजे त्यांच्या नातीचे, रेवाचे बाबाही. आपली फजिती चंद्रापर्यंत नको, म्हणून अध्यक्ष सबनीस काकांनी स्वरू नावाचा यंत्रमानव आणला. प्रत्येकाच्या कॉलरला आवाज टिपणारं एक बटण. तालमीत ज्याला चाळीसपेक्षा कमी गुण, त्याचं बटण बंद. त्याने नुसते हात जोडायचे. सबनीस काकांना शहाण्णव गुण पडले. ते आकडा लिफ्टमध्येही सांगत.

दरवर्षी आरती सुरू करायचे ते आबा पहिल्या दिवशी मागच्या रांगेत हात जोडून उभे राहिले. रात्री बाबांचा फोन आला. “आबा आजारी आहेत का? मला खरं सांग, रेवा.”

रेवाला कोडं पडलं. आबांची चाल तिला पाठ होती. ती चुकते असं तिला कधी वाटलं नव्हतं. मग अकरा कसे? दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर ती दप्तरासकट मंडपात गेली.

“स्वरू, आबांचं काय चुकलं?”

“त्यांचा सा एकशेवीसवर आहे. हवा होता एकशेसाठवर.”

हा आकडा म्हणजे कंपनसंख्या (एका सेकंदात आवाज हवेला किती वेळा थरथरवतो ती संख्या), हे स्वरूने समजावलं. थरथर जितकी जास्त, तितका सूर उंच. आणि गाणं ज्या सा पासून सुरू होतं, ती त्याची पट्टी.

“एकशेसाठच का?”

“सबनीस साहेबांनी त्यांच्या पेटीवर वाजवून दाखवला. म्हणाले, हाच बरोबर सा.”

रेवा हसली नाही. तिने स्वरूला जिन्याशी नेलं. तळमजल्यावरून पहिल्यावर जायला लावलं, मग तिसऱ्यावरून चौथ्यावर. पायऱ्या दोन्हीकडे सारख्याच होत्या.

“मग यातलं कोणतं चढणं चुकीचं?”

“कोणतंच नाही,” स्वरू म्हणाला. क्षणभर त्याचा दिवा लुकलुकला. “सबनीस साहेबांचा सा एकशेसाठ, प दोनशेचाळीस. म्हणजे दीडपट. आबांचा सा एकशेवीस, प एकशेऐंशी. तोही दीडपट.”

चाल सुरांच्या जागेत नसते, सुरांमधल्या अंतरात असते. म्हणून एकच गाणं आजोबाही गातात आणि बाळही, आणि आपल्याला ते ओळखू येतं. स्वरूने तालमीतली आरती पुन्हा तपासली, या वेळी ज्याचा त्याचा सा धरून. आबांना अठ्ठ्याहत्तर. वरच्या सुरावर ते थोडे घसरत होते, तेवढंच. बहुतेक सगळे चाळीसच्या वर आले. सबनीस काकांचा आकडा होता तिथेच राहिला. त्यांचा सा तोच होता ना. फक्त शिर्केबाईंना एकोणतीस.

आरतीआधी रेवाने हे सगळ्यांसमोर सांगितलं. “काका, तुम्ही उंची मोजायच्या टेपचा शून्य तुमच्या डोक्यावर धरलात आणि बाकीच्यांना बुटकं ठरवलंत.”

काका गोरेमोरे झाले. आबांचं बटण सुरू करू म्हणाले. पण एकोणतीसवाल्यांचं काय? चंद्रावरचे काय म्हणतील?

“चंद्रावर माझे बाबा आहेत. ते गुण विचारत नाहीत, आबा कुठे आहेत ते विचारतात. आरती ही परीक्षा नाहीये. सगळ्यांची बटणं सुरू होतील, नाहीतर मी माझं काढून ठेवते.” रेवाला ब्याण्णव गुण होते. तिने बटण काढून मोदकांच्या ताटात ठेवलं.

पाठोपाठ जुळ्यांनी काढलं, मग त्यांच्या आईने. ताटात मोदकांपेक्षा बटणं जास्त दिसू लागली. शेवटी काकाच पुटपुटले, “स्वरू, सगळी सुरू कर.”

बटणं कॉलरवर परत गेली. आबा पुढे आले, खाकरले आणि स्वतःच्या सा पासून सुरू झाले. काकांनी पेटीवर तो सा शोधायला दोन ओळी घेतल्या. तो सापडेतो लोकांच्या उत्साहाने पट्टी थोडी वर सरकली होती, जशी ती आरतीत नेहमीच सरकते. तिसऱ्या कडव्याला काकांनी पेटी मिटली आणि टाळ्या धरल्या. शिर्केबाई मन लावून चुकत होत्या.

“गुण देऊ?” स्वरूने विचारलं.

“टाळ्या वाजव,” काका म्हणाले.

तेवढ्यात चंद्रावरून आवाज आले. इतक्या लांबून, म्हणून प्रत्येक ओळ दोन-तीन सेकंद मागून येत होती. पण पट्टी आबांचीच होती, आणि बाबा वरच्या सुरावर अगदी आबांसारखे घसरत होते.

रेवाने टाळ्या वाजवता वाजवता वर पाहिलं. उद्या आणखी लांबच्या कुठल्या ग्रहावरून कोणी गाऊ लागलं, तर त्यांचा सा कुठेही असो. त्यांच्या पायऱ्या तिला मोजता येणार होत्या.

दुसऱ्या दिवशी शिर्केबाईंचं दूध वेळेवर उतरलं.