एक्केचाळीस सेकंदांची अंगाई

भोरच्या एसटी स्टँडसमोर धनाजीच्या मोबाईल दुकानावर ‘गाणी भरून मिळतील’ ही पाटी अजून होती. पण काळं कुत्रं विचारत नव्हतं. एके काळी बाजारच्या दिवशी मेमरी कार्डं घेऊन लोकांची रांग लागायची, आणि धनाजी एमपीथ्री गाणी अशी दाबून बारीक करायचा की दोन जीबीत अख्ख्या वरातीची सोय व्हावी. "कानाला कळत न्हाई तेवढं फेकून द्यायचं," असं ऐटीत सांगायचा. आता गाणी ज्याच्या त्याच्या मोबाईलवर आपोआप वाजतात. म्हणून त्या दुपारी तो जुना कॉम्प्युटर भंगारात काढायला बसला होता.

एकच फाईल ठेवायची होती. धाकट्या बहिणीची, शेफालीची अंगाई. एक्केचाळीस सेकंद. तान्ह्या राजनंदिनीसाठी गायलेली, वेल्ह्याच्या सासरहून मोबाईलवर पाठवलेली. आईच्या कार्डात भजनांबरोबर मावावी म्हणून धनाजीनं ती दाबली आणि सवयीनं मूळ रेकॉर्डिंग उडवून टाकलं. महिन्याभरात शेफाली गेली. माळ्यावरून पडली, असं तिचा नवरा कुमार म्हणाला. धनाजीनं ते मुकाट ऐकून घेतलं, आणि त्याची त्याला आजही लाज वाटायची. राजनंदिनी आता पाच वर्षांची होती, आणि कुमार तिला आजोळी पाठवायला तयार नव्हता.

"लाव की रं, नीट वाजती का बघू," दुकानात बाकावर बसलेली आई बनाबाई म्हणाली. "पोरीला तिच्या आईचा आवाज तरी मिळू दे."

अंगाई वाजली. पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा आवाज. मागं काहीतरी धपधपत होतं.

"शेजारी भात कांडत्यात," आई म्हणाली.

धनाजीनं पुन्हा लावली. या वेळी एक्केचाळीस सेकंद सरले तरी ती थांबली नाही. एकदा फेकलेलं परत येत नाही, दहा वर्षं तो हेच काम करत होता. धपका. काठीचा. शेफालीचं "आई गं". पुन्हा धपका, आणि ओलं काहीतरी फुटल्याचा आवाज. मग कुमार, अगदी जवळून.

"गप."

"मुडदा बशिवला त्याचा!" बनाबाई उठली. "म्या सांगत न्हवते?"

धनाजीनं बंद करायला हात नेला. तोच आतून एक पोर किंचाळलं.

"आजी, बाबा मारत्यात! आजी, ये की गं!"

रेकॉर्डिंग झालं तेव्हा राजनंदिनी दोन महिन्यांची होती.

"आई, हे आत्ता चाललंय," धनाजी म्हणाला.

दुकान तसंच उघडं टाकून त्यानं आईला मोटारसायकलवर बसवलं. कापूरहोळ कधी मागं पडलं, कळलं नाही. वेल्ह्यात कुमारच्या दाराला आतून कडी होती. आत सामसूम. धनाजीनं लाथा घालून दार फोडलं.

कुमार चुलीपाशी पडला होता. जबडा जागेवर नव्हता. दोन्ही हात कोपरातून उलटे मोडलेले. रक्त पार आढ्यापर्यंत उडालं होतं. मुसळ त्याच्या छातीवर आडवं ठेवलेलं होतं.

मागच्या दारालाही कडी. खिडकीला गज.

राजनंदिनी कोपऱ्यात पाटावर बसली होती. दंडावर काठीचे वळ.

बनाबाईनं तिला उराशी धरलं. "कुनी केलं गं हे?"

आजीनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि आपला तळहात बघितला.

तेल होतं. केस नुकतेच विंचरलेले, भांग सरळ, दोन्ही वेण्या घट्ट घातलेल्या.